दिवाळीच्या किल्ल्यांमधून गोल्फ

खारघर, नवी मुंबई
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘गोल्फ हा साहेबांचा खेळ, तो आपल्या पोरांना कशाला?’ असं तू सरळ विचारलंस, ते बरं केलंस. इथेही पुष्कळांच्या मनात तेच आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. तू आयुष्यभर पोरांना मैदानावर खेळवलंस, तेव्हा तुला पटलं तर सगळ्यांना पटेल, या हिशेबाने सविस्तर लिहितो.

आधी काय ठरलंय ते सांगतो. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेसात ते दहा, आमच्या सोसायटीच्या मैदानावर मुलांचं गोल्फ. सहा ते चौदा वयाची छत्तीस मुलं, चौघांचा एक असे नऊ संघ. गोल्फ म्हणजे काठीने चेंडू मारत कमीत कमी फटक्यांत भोकापर्यंत न्यायचा. आमची भोकं नऊ आणि प्रत्येक भोकापाशी एक किल्ला. दिवाळीत दरवर्षी करतात तोच, दगड, विटा, गोणपाट आणि माती लिंपून केलेला. चेंडू त्या किल्ल्याच्या वाटेने, दरवाजातून, माचीवरून न्यायचा. किल्ले मुलांनीच बांधायचे आणि खेळायचेही त्यांनीच.

आता साहेबांच्या खेळाबद्दल. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829चा, इंग्रजांनी काढलेला, हे खरंच आहे. पण 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर आधी कॅडी होता, लोकांच्या बॅगा वाहायचा. दीक्षा डागर हे नाव तू ऐकलं असशील. हरयाणाची मुलगी, जन्मापासून ऐकू येत नाही, डावखुरी. कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये 2017ला तिला रौप्य मिळालं, त्यापुढच्या स्पर्धेत सुवर्ण, आणि मधल्या काळात ती टोकियोच्या मुख्य ऑलिंपिकमध्येही भारताकडून खेळली. जगात असे किती खेळ आहेत, जिथे एकच मुलगी दोन्हीकडे उतरते?

आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फचं मैदान आहे. पांडवकड्याकडे जाताना पोरं बाहेरून हिरवळ बघतात आणि विचारतात, आत काय चालतं? इतक्या जवळ राहून त्यांना त्याचं उत्तर माहीत नसावं, हे मला बरं वाटत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याला खेळता येत नाही त्याला कुठे उभं करतात, तुला ठाऊक आहे. सीमेवर. दुपारभर तो तिथे उभा राहतो आणि बॅटिंग येईपर्यंत अंधार पडतो. माझ्या ताईचा मुलगा तसा उभा राहिलेला मी पाहिलाय. त्याला स्वमग्नता आहे, अंगावर वेगाने येणारा चेंडू त्याला सोसत नाही. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर पडून असतो. तो तुमची वाट बघतो. कुणी बाद करत नाही, कुणी मागून ढकलत नाही. शिवाय कमीजास्त ताकदीच्या दोघांना बरोबरीने खेळवण्याची सोय, हँडिकॅप, या खेळाने आपल्या नियमांतच केलेली आहे. आजी आणि नातू एकाच वेळी मनापासून खेळू शकतील, असा मैदानी खेळ मला दुसरा सापडला नाही.

किल्ल्यांवर मात्र मला पानं भरून लिहावंसं वाटतं. गडांची रचना आणि गोल्फची वाट यांचं इतकं जमेल असं आधी वाटलं नव्हतं. रायगडाचा महादरवाजा आठव. समोरून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या आड वळणावर लपलेला. शत्रूला सरळ धडक देता येऊ नये म्हणून केलेली ही गोमुखी बांधणी. आमच्या रायगडावर चेंडू सरळ मारून दरवाजात जाणार नाही, बुरुजाच्या भिंतीवर आपटवून वळवावा लागेल. कुठल्या कोनातून मारला की कुठे जातो, हे पोरं स्वतः शोधतात, आणि तो दरवाजा तसा का बांधला हे त्यांना हातानेच कळतं. राजगडाला सुवेळा माचीवरचं नेढं. कातळातलं ते आरपार भोक आपण दोघांनी भर वाऱ्यात बसून पाहिलंय, आता त्यातून चेंडू पलीकडे घालवायचा. लोहगडाला विंचूकाटा, म्हणजे लांब, अरुंद, सरळ वाट, हात स्थिर असलेल्यांसाठी. जंजिऱ्याला भोवती परातीत पाणी. चेंडू पाण्यात गेला तर दंड नाही, काढून पुन्हा मारायचा. मराठ्यांनाही जंजिरा हाती लागला नव्हता, तिथे पोरांना कशाला शिक्षा! बाकी पाच गड तू आलास की बघशील.

एक पथ्य मी सुरुवातीलाच घालून दिलंय. महाराजांची मूर्ती चेंडूच्या वाटेत कुठेही नाही. ती मैदानाच्या वरच्या टोकाला वेगळ्या चौथऱ्यावर, तिथे हार आणि पणत्या. मावळे मात्र तटावर उभे राहतील, एखादा पडला तर मुलांनीच उचलून पुन्हा उभा करायचा. माती येत्या तीन दिवसांत लिंपून झाली पाहिजे, कारण अळीव पेरल्यावर किल्ला हिरवा दिसायला चार-पाच दिवस लागतात.

सामानाचं तू विचारलंस. हिरवळीसाठी मंडपवाल्याकडचं हिरवं कारपेट घेतोय. पेव्हर ब्लॉकवर ताणून बसवलं की चेंडू त्यावर छान पळतो. खऱ्या गोल्फच्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, आणि बांधकामात पाण्यासाठी वापरतात तो जाड पीव्हीसी पाइप 110चा. प्लंबरकडच्या उरलेल्या तुकड्यांचे दिंडी दरवाजे झाले. जमीन खणायची नाही, म्हणून भोकाऐवजी शेवटी सुंभाच्या दोरीचं वर्तुळ. चेंडू वर्तुळात थांबला की गड सर. खरा गोल्फचा चेंडू टणक, सेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास, उडाला तर डोळा जाईल. तो फक्त जमिनीवरून ढकलायला, पटरने, म्हणजे सपाट डोक्याच्या काठीने. जिथे उचलून मारायचं तिथे छिद्रं असलेला प्लास्टिकचा हलका चेंडू. मोठ्यांच्या काठ्या कापून लहानांना देऊ नयेत, हेही तुला सांगून ठेवतो. लांबी कमी होते, पण डोकं जडच राहतं, पोराचा खांदा दुखतो आणि खेळ कायमचा नावडता होतो. उंचीप्रमाणे मिळतात त्याच घ्याव्यात. पटर दोन्ही बाजूंनी सपाट घेतलेत, म्हणजे डावखुऱ्यांना वेगळे शोधायला नकोत.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला ते. सगळ्या मुलांना बोलावणं सोपं आहे. बोलावलेल्या प्रत्येकाचा खेळ खरोखर मोजला जाणं अवघड आहे. आम्ही स्क्रॅम्बल पद्धत घेतोय. संघातले चौघे आपापला चेंडू मारतात, त्यांतला सगळ्यात चांगल्या जागी पडलेला निवडतात आणि पुढचा फटका चौघेही तिथूनच मारतात. चुकलेल्या फटक्याचं ओझं कुणावर राहत नाही. दोघांत एक चेंडू आळीपाळीने मारायचा, असाही एक प्रकार आहे, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये खेळाडू आणि त्याचा जोडीदार तसे खेळतात. मोठ्यांना तो शोभतो. पण आठ वर्षांच्या मुलाचा फटका वाकडा गेला आणि जोडीदाराने नुसता सुस्कारा टाकला, तरी ते मूल मिटतं. म्हणून तो घेतला नाही.

स्क्रॅम्बलमध्येही एक फट आहे. दोन तयार मुलं असली की दरवेळी त्यांचेच चेंडू निवडले जातात आणि उरलेली दोघं नुसती मागून चालतात. पुन्हा सीमेवर उभं राहणंच ते. यावर उपाय गोल्फमध्येच सापडला. मोठ्यांच्या स्क्रॅम्बल स्पर्धांमध्ये प्रत्येकाचा फटका अमुक वेळा घेतलाच पाहिजे, अशी अट अनेकदा असते. आम्ही ठरवलं, नऊ गडांवर प्रत्येक मुलाचा पहिला फटका निदान दोनदा घ्यायचा. चार दुणे आठ, नववा मोकळा. या एका अटीने काय होतं ते मी सरावाच्या दिवशी पाहिलं. संघातली तयार मुलगी लहानग्याला कानात सांगत होती, ‘विंचूकाट्याला तुझा घेऊ, तिथे सरळ आहे, हळू मार.’ कुठल्या गडावर कुणाचा फटका राखायचा, हे चौघं बसून ठरवत होती. व्हीलचेअरवरच्या मुलाचा फटका जंजिऱ्याला घेतला, कारण त्याचा हात सगळ्यांत हलका, पाण्याच्या काठावर चेंडू थांबवणं त्यालाच जमतं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. ते डाव आखत होते. नाना, हेच तर आपल्याला हवं असतं ना?

एका गडाला जास्तीत जास्त सहा फटके, मग सहा लिहून पुढे जायचं. अशी फटक्यांची कमाल मर्यादा ठरवायची मुभा खऱ्या नियमांतही 2019पासून आहे. कार्ड शेजारच्या संघाने लिहायचं. गोल्फमध्ये एरवीही पंच प्रत्येकाच्या मागे फिरत नाही, खेळाडूच एकमेकांचे आकडे लिहितात, आणि ती जबाबदारी मुलं फार गंभीरपणे घेतात.

बाकी सोयी अशा. दोन गडांमध्ये दीड मीटरचा मोकळा चौक, म्हणजे व्हीलचेअर जागच्या जागी वळेल. पायरी कुठे नाही, कारपेटच्या कडा चिकटपट्टीने बसवलेल्या. ज्या मुलीला दिसत नाही तिच्यासाठी अंध क्रिकेटमधला छर्ऱ्यांचा चेंडू आणलाय. तो मोठा आहे, तरी पाइपमधून जातो, आणि वर्तुळाच्या मागे उभं राहून कुणीतरी टाळ वाजवेल, त्या आवाजावर ती नेम धरेल. मदतनिसाने तिला पटर रोखून द्यायला काही हरकत नाही. जानेवारी 2023पासून गोल्फच्या मुख्य नियमांतच अपंग खेळाडूंसाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यात अंध खेळाडूंना अशी मदत मान्य आहे. सुरुवात शिट्टीने नाही, झेंडा खाली आणून. नऊ संघ नऊ गडांवरून एकदम निघतील, त्यामुळे रांगेत ताटकळणं नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही तोही इतरांबरोबरच निघेल. लाऊडस्पीकर नाही, फटाके तर मुळीच नाहीत. ताईच्या मुलासाठी प्रत्येक गडाचं चित्रांचं कार्ड केलंय: आधी उभं राहा, मग मार, मग थांब, मग चल. ते बघून आता सगळ्याच लहान मुलांना तसं कार्ड हवंय, तर छत्तीस छापतोय.

एका बैठकीत सूचना आली की या मुलांसाठी वेगळा दिवस ठेवू, म्हणजे त्यांना निवांत खेळता येईल. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी ठाम नाही म्हटलं, आणि पुढेही म्हणेन. वेगळा दिवस ठेवला की तो कार्यक्रम बघायचा होतो, खेळायचा राहत नाही. तसंच प्रवेश फीचं. फी नाही. वॉचमनकाकांची दोन मुलं, इस्त्रीवाल्यांची मुलगी, पलीकडे इमारतीच्या कामावर राहणाऱ्यांची पोरं, सगळ्यांच्या घरी जाऊन तसंच आमंत्रण दिलंय जसं बाराव्या मजल्यावर दिलं. त्या कामावरच्या पोरांनी तट रचले ते बघायला ये. वीट कशी सांधायची हे त्यांना आमच्या मुलांपेक्षा कितीतरी चांगलं कळतं, आणि आता सगळे संघ त्यांनाच विचारायला धावतात.

बक्षीस एकच, सगळ्यांना फराळाचा पुडा आणि एकेक मावळा. पहिला-दुसरा क्रमांक फळ्यावर लिहू, तो लपवायचा नाही. मुलांना जिंकायचं असतं आणि ते असावंच.

मला तुझी गरज दोन कामांना आहे. रायगड आणि राजगड या दोन गडांवर गर्दी होणार, तिथे मुलांना घाई न करता पुढे काढणारा माणूस हवा, आणि ते तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. दुसरं, तुमच्याकडचे मातीचे मावळे. इथे मिळतात ते प्लास्टरचे, पाणी लागलं की रंग सोडतात. चाळीसेक घेऊन ये, पैसे मी देतो, त्यावर वाद नको. शनिवारी कराडहून दुपारची एसटी धर, कळंबोलीला उतर, मी गाडी घेऊन येतो. धाकट्यालाही आण, एका संघात अजून एक जागा मी त्याच्यासाठी धरून ठेवलीय, गुरुवारपर्यंत कळव म्हणजे कार्डावर नाव घालता येईल.

ती. आईंना सा. न., वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या