'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर आता बंद करा, साहेब

मा. संसदीय कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सोलापूरची, पूर्व भागातली. वडील पॉवरलूमवर होते, आई विड्या वळायची, मी एका दुकानात अकाउंट्स बघते. अधिवेशन आलं की आमच्याकडं सगळे टीव्हीवर भांडणं बघतात, मी मात्र प्रश्नोत्तरं वाचते, सवयच लागलीय. आणि एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय, सभागृहात मंत्री उभं राहून जे "करू" म्हणतात त्याचं पुढं काय झालं हे आम्हाला कळलं पाहिजे.

आमच्या बोळातलं सांगते. ड्रेनेजचं पाणी पिण्याच्या लाइनीत मिसळत होतं. आधीच नळ चार-पाच दिवसाआड, त्यात पहिला अर्धा तास पिवळं पाणी, वास असा की नाकाला पदर लावूनच उभं राहायचं, आई पहिल्या दोन घागरी गटारीत ओतायची आणि मग नळाला फडकं बांधून बॅरल भरायची, तेही रात्री दोन वाजता पाणी आलं तर दोन वाजता. शेजारची दोन पोरं कावीळ होऊन ॲडमिट झाली. गल्लीनं सह्या गोळा केल्या, आमदारांकडं दिल्या, आणि खरंच विषय विधानसभेत आला. मंत्र्यांनी सांगितलं, तीन महिन्यांत लाइन बदलू. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. वडलांनी कात्रण कापून रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं.

तीन महिने गेले, सहा गेले. वडील ते कात्रण घेऊन ऑफिसात गेले तर तिथले क्लार्क म्हणाले, "काका, सभागृहात काय बोलले ते आम्हाला लेखी आलेलं नाही, पत्र आलं की बघू." वडील काही न बोलता घरी आले, कात्रण परत पिशवीत. आई एवढंच म्हणाली, "पेपरात आलं की काम झालं म्हणायचं का ओ?"

मला त्या क्लार्कचा राग नाही आला. त्याला खरंच कोणी कळवलं नसेल. मुंबईत दिलेला शब्द सोलापूरच्या टेबलापर्यंत पोचायचा रस्ताच आम्हाला दिसत नाही, माझं दुखणं ते आहे.

आणि हे त्या काळातलं आहे साहेब, जेव्हा आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नगरसेवकांची सभा, म्हणजे जनरल बॉडी नाही, बजेटवर कोणी उभं राहून विचारायला नाही, पाणी आलं नाही तर कोणाच्या दारात जायचं तेच कळायचं नाही. ज्या गावात नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० ला तिरंगा लावला, आणि पुढं मार्शल लॉ सोसून चार जण फासावर गेले, त्या गावाची ही गत. एवढी वर्षं आमच्यासाठी प्रश्न विचारायला एकच सभागृह उरलं होतं, विधिमंडळ. म्हणून तिथला शब्द आम्ही जीवाला लावून घेतला.

आता तिथलं उत्तर कसं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रश्न असतो, अमुक गोष्ट निदर्शनास आली हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे", "कार्यवाही सुरू आहे", आणि शेवटच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही". साहेब, दोन पोरं ॲडमिट झाली तिथं प्रश्न उद्भवतो. कुठला भाग खरा, कुठला नाही, आणि कार्यवाही कुठल्या तारखेपर्यंत, एवढं तरी त्यात पाहिजे ना.

विधिमंडळाची आश्वासन समिती आहे हे मला माहीत आहे, तिचं कामच मंत्र्यांनी दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करणं. पण माझ्या गल्लीचं आश्वासन त्या यादीत गेलं का, विभागानं काय कळवलं, मुदतवाढ मागितली का, हे मी विधिमंडळाच्या वेबसाइटवर पीडीएफ उघडून उघडून शोधलं, मला सापडलं नाही. मी हिशोबाचं काम करते, तरी ही हालत, मग आईनं कुठं शोधायचं? लोकसभेत दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि दिल्लीत संसदीय कार्य मंत्रालयानं २०१८ ला त्यासाठी ऑनलाइन सिस्टीम केली. म्हणजे करता येतं. आपल्याकडं ती जिल्हावार, मराठीत करा. सोलापूर टाकलं की दिसलं पाहिजे, कुठल्या तारखेला कुठल्या मंत्र्यांनी काय शब्द दिला, कुठल्या ऑफिसकडं गेला, पेंडिंग असेल तर का. आणि त्याची कॉपी त्या ऑफिसातल्या क्लार्कलाही जाऊ दे.

अजून एक, वेळेचं. डिसेंबर २०२५ ला नागपूरला आठवडाभराचं अधिवेशन झालं, त्यात ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरच्या खर्चाच्या मंजुऱ्या, आल्या. तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. मी दुकानाचा वर्षाचा हिशोब टॅली करायला यापेक्षा जास्त दिवस घेते. सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट पण कितीदा शेवटच्या दिवशीच पटलावर येतो, मग त्यावर बोलणार कोण आणि कधी? कुठल्या पक्षाचं सरकार आहे हा माझा मुद्दाच नाही, उद्या दुसरे आले तरी मी हेच लिहीन. दिवस वाढवा, आणि कॅगचा रिपोर्ट अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात ठेवा.

पण हे सगळं एकदम जमत नसेल तर आधी ती आश्वासनांची यादी तरी करा. आमच्या बोळातली अर्धी लाइन बदलली, अर्धी अजून जुनीच आहे, काम मधेच का थांबलं कोणाला सांगता येत नाही. वडलांच्या कात्रणाचा फोटो पत्रासोबत जोडलाय, घडीवर शाई पुसट झालीय पण मंत्र्यांचं वाक्य वाचता येतं. त्याचं उत्तर पाठवाल तेव्हा त्यात तारीख घाला.

आपली,
सोलापूरची एक मतदार