नाव आपण सांगायचं नाही

एकट्या फिरणाऱ्या बाईला ‘रात्री बाहेर पडू नकोस’ एवढाच सल्ला मिळतो. गाडीच उशिरा पोहोचली, तर तिने फलाटावर बसून राहायचं का? कामाच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. अ‍ॅपवरून टॅक्सी मागवली की आधी नंबरप्लेट जुळवावी आणि ‘कुणासाठी आलात?’ असं चालकालाच विचारावं; आपलं नाव आपण पुरवू नये. अनेक देशांत ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक मोबाइल लॉक असतानाही लावता येतो. हॉटेलच्या काउंटरवर खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्याने सांगितला गेला, तर मी सरळ दुसरी खोली मागते. समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात, पडोत. नंबर कागदावर लिहून द्यायला हॉटेलवाल्यांना एवढं जड का जातं?

– एक वाचक