हीप सॉर्ट ऑप्शनला टाकू नका!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतला सॉर्टिंगवरचा, म्हणजे कॉम्प्युटरने आकडे क्रमाने लावायच्या पद्धतींवरचा, लेख वाचला आणि रात्री झोपच लागली नाही, म्हणून सकाळी चहाच्या आधी लिहायला बसले. क्विक सॉर्ट आणि मर्ज सॉर्टला अर्धं पान, आणि हीप सॉर्टला (आकडे झाडासारख्या रचनेत, म्हणजे हीपमध्ये, मोठा वर ठेवून मांडायचे आणि सगळ्यात वरचा एकेक करून काढायचा, ती पद्धत) दोन ओळी, त्याही काय तर 'हळू आहे, आता कुणी वापरत नाही.' अहो, पोरं हे वाचून तो टॉपिक खरंच ऑप्शनला टाकतात. मी २२ वर्षं डेटा स्ट्रक्चर शिकवतेय, दरवर्षी बघते.

क्विक सॉर्ट बहुतेक वेळा पुढे जातो हे मला मान्य आहे, हीप सॉर्ट अ‍ॅरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, लांब लांब उड्या मारतो त्यामुळे कॅशचा (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा) फायदा मिळत नाही. पण पिव्हट (ज्याच्या दोन बाजूंना बाकीचे आकडे वाटायचे तो आकडा) वाईट पडत गेला की एन आकड्यांसाठी क्विक सॉर्टचं काम एन स्क्वेअरला जातं, आणि हीप सॉर्ट कसाही डेटा आला तरी एन लॉग एनच्या (एन गुणिले एनचा लॉग, म्हणजे स्क्वेअरपेक्षा खूपच कमी) वर जात नाही, शिवाय मर्ज सॉर्टसारखी जास्तीची जागाही मागत नाही. लिनक्स कर्नलचं (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) सॉर्ट फंक्शन याच कारणासाठी हीप सॉर्टवर आहे. सी प्लस प्लसचं नेहमीचं सॉर्टसुद्धा क्विक सॉर्ट फार खोल जायला लागला की हीप सॉर्टवर येतं, ही १९९७ ची डेव्हिड मसर यांची कल्पना. पोस्टग्रेस या डेटाबेसला इंडेक्स नसलेल्या रकान्यानुसार क्रम लावून मोठ्या टेबलातून पहिले १० मागा आणि एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (काम कसं केलं ते दाखवणारी कमांड) लावून बघा, बहुतेक वेळा 'टॉप-एन हीपसॉर्ट' असं स्क्रीनवरच लिहून येतं. कुणी वापरत नाही म्हणे!

मला एवढा राग यायचं कारण जुनं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ओरलला एक एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक) आले होते. माझ्या एका विद्यार्थिनीने जर्नलच्या मागच्या पानावर ४, १०, ३, ५, १, ८ लिहिलं आणि हीप करून दाखवला. यात पहिल्याच्या खाली दुसरा-तिसरा, दुसऱ्याच्या खाली चौथा-पाचवा, तिसऱ्याच्या खाली सहावा, आणि ज्याच्या खाली कुणी असतं तो पॅरेंट. शेवटच्या पॅरेंटपासून सुरुवात, ३ च्या खाली ८ म्हणून अदलाबदल, १० जागेवर बरोबर, मग ४ खाली उतरला, आधी १० शी आणि मग ५ शी बदलून, आणि झालं १०, ५, ८, ४, १, ३. मग १० शेवटी टाकला, ३ वर आला, ८ च्या खाली गेला. एकही खाडाखोड नाही. सरांनी विचारलं, हीप बांधायला वेळ किती? ती म्हणाली, ऑर्डर एन, म्हणजे आकड्यांच्या संख्येच्या प्रमाणात. सर म्हणाले चूक, एन लॉग एन, आणि मार्क कापले. तिचं म्हणणं बरोबर होतं. १००० आकडे असतील तर ५०० लीफ (ज्यांच्या खाली कुणी नाही ते) असतात, त्यांना खाली उतरायचंच नसतं, साधारण २५० जास्तीत जास्त एक पायरी उतरतात, १२५ दोन, सगळं मिळून १००० च्या आतच बसतं. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ विल्यम्स यांनी १९६४ साली हीप सॉर्ट दिला तेव्हा एकेक आकडा आत घालायची पद्धत होती, तिला वाईटात वाईट एन लॉग एन लागतो, पण खालून बांधायची पद्धत फ्लॉइड यांनी त्याच वर्षी दिली आणि तिने तीच वापरली होती. पोरगी रडत बाहेर गेली. मी इंटर्नल (कॉलेजची परीक्षक) म्हणून शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि बोलले नाही, ते मला अजून लागतं.

आणि लेखातली ती आकृती! मॅक्स हीप (मोठा आकडा वर) म्हणून छापलीय आणि १२ च्या खाली १७. मॅक्स हीपमध्ये पॅरेंट खालच्यांपेक्षा लहान असूच शकत नाही, ही तर मूळ अट आहे. आमच्या तीन-चार मुलांनी ती कापून वहीत चिकटवलीय, मी स्वतः पाहिली. सोमवारपासून ओरल सुरू होतायत, तेव्हा दुरुस्ती रविवारच्या आत छापा आणि त्याच पुरवणीत, त्याच आकाराची बरोबर आकृती छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

आपली,
एक शिक्षिका
(कृपया नाव छापू नये)