सतराव्या क्रमांकाचे गणित

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातील लीगचे गुणतक्ते नियमित येतात, याबद्दल आभार. इटलीच्या 'सेरी आ'चा (तिथल्या सर्वोच्च श्रेणीचा) तक्ता मात्र चुकीच्या नियमाने लावला जातो, म्हणून हे पत्र. समान गुण असतील तर आपण गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पाहून संघ वर-खाली करता आणि सतराव्या संघापुढे 'सुरक्षित' लिहिता. ही इंग्लंडची रीत झाली. इटलीत गोलफरकाचा नंबर फार उशिरा लागतो.

२० संघ, प्रत्येकी ३८ सामने, तळाचे तिघे दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे 'सेरी बी'त. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. दोन संघांचे गुण सारखे झाले, तर आधी त्या दोघांनी आपापसात खेळलेल्या दोन सामन्यांतले गुण बघतात, मग त्याच दोन सामन्यांतला गोलफरक, आणि तिथेही बरोबरी असेल तरच पूर्ण मोसमाचा गोलफरक. सतरावा आणि अठरावा संघ समान गुणांवर असतील तर २०२२-२३ च्या मोसमापासून हेही चालत नाही. त्या दोघांना निर्णायक लढत खेळावी लागते. तीन संघ अडकले तर आधी त्या तिघांच्या आपापसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता मांडतात आणि कोणते दोघे निर्णायक लढतीत जाणार, ते त्यावरून ठरते. अशी लढत पूर्वीही होती. २००५ मध्ये पार्माने बोलोन्याला तीत खाली ढकलले होते. मधली वर्षे ती बंद होती.

फरक किती पडतो, ते २०२३ मध्ये दिसले. ४ जूनला वेरोना मिलानकडून हरला, स्पेझिया रोमाकडून. दोघांचे गुण ३१. त्या मोसमात स्पेझियाने वेरोनाच्या घरी २-१ असा विजय मिळवला होता आणि परतीचा सामना ०-० सुटला होता. म्हणजे जुन्या नियमाने स्पेझिया वाचला असता. ११ जूनला रेज्जो एमिलियाच्या तटस्थ मैदानावर एकच सामना झाला. मध्यंतराला वेरोना ३-१ ने पुढे होता. उत्तरार्धात वेरोनाच्या फाराओनीने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, त्याला लाल कार्ड मिळाले आणि स्पेझियाला पेनल्टी. गोल झाला असता तर ३-२, आणि समोर दहाच माणसे. स्पेझियाच्या न्झोलाने मारलेली पेनल्टी वेरोनाचा गोलरक्षक मोंतिपोने अडवली. पुढे गोल झाला नाही, स्पेझिया खाली गेला. अशा मोसमात सतराव्या संघापुढे आठवडाभर आधी 'सुरक्षित' छापणे हे वाचकाला फसवणे आहे.

तेव्हा 'सुरक्षित' लिहिण्यापूर्वी एक आकडेमोड करावी. अठराव्या संघाचे गुण घ्या, त्यात उरलेले सामने गुणिले तीन (विजयाला तीन गुण) मिळवा. सतराव्याचे गुण या बेरजेपेक्षा किमान एकाने जास्त हवेत. बरोबरीत असतील तर आता तो सुरक्षित नाही. तळाच्या इतर संघांचीही अशीच बेरीज करून बघावी, कारण अठराव्यापेक्षा एकोणिसाव्याचे सामने जास्त उरलेले असू शकतात.

उरलेल्या सामन्यांच्या बाबतीत सालेर्निताना हा संघ विसरता येत नाही. २०२१-२२ मध्ये करोनामुळे आरोग्य खात्याने अडवल्याने त्यांचे उदिनेसे आणि व्हेनेझियाविरुद्धचे सामने पुढे गेले होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत संघाचे १६ गुण आणि शेवटचा क्रमांक. नुसते गुण पाहणाऱ्याने त्यांना केव्हाच निकालात काढले असते. दाविदे निकोला फेब्रुवारीत प्रशिक्षक म्हणून आले होते. पुढच्या सात सामन्यांत या संघाने १५ गुण मिळवले: सांपदोरिया, उदिनेसे, फिओरेंतिना, व्हेनेझियावर विजय, अटालांटा, काल्यारी, एम्पोलीशी बरोबरी. त्यातले सहा गुण लांबलेल्या त्या दोन सामन्यांतूनच आले. काल्यारीविरुद्ध नव्याण्णवाव्या मिनिटाला गोल खाल्ला, एम्पोलीविरुद्ध पेनल्टी वाया गेली. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर उदिनेसेकडून ०-४ असा मार खाल्ला. तरीही वाचले, कारण त्याच वेळी काल्यारीला आधीच खाली गेलेल्या व्हेनेझियाविरुद्ध एकही गोल करता आला नाही. सालेर्निताना ३१, काल्यारी ३०. फुटबॉलमध्ये यापेक्षा जिवाला घोर लावणारे दीड महिने आम्हाला तरी आठवत नाहीत, आणि आपल्या पानावर त्याला जागा मिळायला हवी होती.

'४० गुण झाले की वाचलो' हे वाक्यही बातम्यांत सारखे येते. २०१९ मध्ये एम्पोली ३८ गुणांवर खाली गेला. जेनोआचेही ३८च होते, पण आपापसातल्या सामन्यांत तो सरस होता. आणि ३१ गुण? २०२२ मध्ये त्यात सालेर्निताना तरला, २०२३ मध्ये दोघांना निर्णायक लढत खेळावी लागली, २०२५ मध्ये एम्पोली त्याच ३१ वर थेट खाली गेला. त्या वर्षी शेवटच्या फेरीआधी लेच्चेचेही ३१च होते. रामादानीच्या गोलने लेच्चेने लाझिओला रोममध्ये १-० असे हरवले, तेही पूर्ण उत्तरार्ध दहा जणांनिशी खेळून, आणि ३४ वर पोचला.

'सेरी बी'त तर मोसम संपला तरी तक्ता पक्का धरता येत नाही. २०२५ मध्ये सांपदोरिया, १९९१ चा इटलीचा विजेता, ४१ गुणांवर तिसऱ्या श्रेणीत गेल्याचे सगळीकडे छापून आले. मग आर्थिक गैरव्यवहारापोटी त्याच श्रेणीतल्या ब्रेशाचे चार गुण कापले गेले, त्यामुळे सांपदोरियाला सालेर्नितानाविरुद्ध दोन सामन्यांची लढत मिळाली आणि जूनमध्ये तो वाचला. पहिली बातमी ठळक आली, दुसरी कित्येकांनी वाचलीच नाही.

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) पहिल्या दहा वर्षांत तळाचा संघ खाली जात नव्हता. त्यामुळे आपल्याकडच्या नव्या प्रेक्षकाला ही धडधड ओळखीची नाही, आणि म्हणूनच वृत्तपत्राने ती नीट समजावायला हवी. मार्चपासून तळाच्या सहा संघांसाठी दोन रकाने वाढवावेत: उरलेले प्रतिस्पर्धी आणि या सहा जणांचे आपापसातले निकाल. आणखी एक अडचण वेळेची. तिथला रात्री पावणेनऊचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे सव्वाबाराला सुरू होतो, हिवाळ्यात सव्वा वाजता. तो संपेपर्यंत ठाण्याची आवृत्ती छापून निघालेली असते. तक्त्याखाली 'रविवारी रात्रीचे सामने धरलेले नाहीत' एवढी ओळ तरी येत्या सोमवारपासून द्यावी, ही विनंती.

आपले,
काही फुटबॉलप्रेमी वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई