टर्बोच्या पाइपला गोधडी कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) असलेल्या पेट्रोल गाड्यांच्या इनटेक पाइपांना, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना, हीट रॅप ही उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळून घेण्याची टूम निघते. पारा सहज ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या विदर्भात ‘इंजिनात थंड हवा जाईल, पिकअप वाढेल’ हे आश्वासन लोकांच्या लगेच गळी उतरते. परंतु टर्बोपासून इंजिनापर्यंतचा पाइप सरसकट गुंडाळणे म्हणजे गिऱ्हाइकाच्याच पैशाने उष्णता कोंडून ठेवणे होय.

टर्बोतला कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेरची ४० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर टर्बोतून निघताना ती साधारण १३० ते १४० अंशांची असते. बॉनेटखालची हवा कितीही तापली तरी सहसा याहून थंडच असल्यामुळे टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) या टप्प्यात उघडा पाइप थोडीफार उष्णता बाहेर टाकत असतो. त्यालाच गोधडी पांघरली की तीही इंटरकूलरच्या माथी येते. हा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या तप्त नळ्यांना) अगदी लगटून जात असेल, तर मध्ये मोकळी फट ठेवून पत्र्याची हीट शील्ड बसवावी. कंपन्याही तेच करतात.

इंटरकूलरनंतरच्या पाइपाची गोष्ट वेगळी आहे. तिथली हवा बॉनेटखालच्या हवेपेक्षा थंड असू शकते, त्यामुळे रॅपला तिथे अर्थ आहे. पण गाडी वेगात असताना हवा हा पाइप सेकंदाच्या लहानशा अंशात पार करते आणि कंपनीचे पाइप बहुधा प्लास्टिकचे किंवा रबराचे असल्याने मुळातच उष्णता कमी वाहून नेतात. बाहेरून बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पाइपाला थोडा फायदा होईल, तोही सिग्नलवर फार वेळ अडकला नाहीत तर. कारण रॅपखाली एकदा शिरलेली उष्णता बाहेर पडायलाही तेवढाच वेळ घेते. हवा दहा अंशांनी थंड झाली तर तिची घनता जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते, हेही ध्यानात घ्यावे.

रॅपची खरी जागा एक्झॉस्टवर, टर्बोनंतरच्या पाइपावर आहे. तिथेही तो ओल धरून पाइप गंजवतो, आणि गळणारे इंजिन ऑइल त्यात मुरले तर पेट घेण्याची भीती असते. ही बाब पट्टी विकणारे क्वचितच सांगतात.

इनटेक हवेचे तापमान मोजणारा सेन्सर या गाड्यांत असतोच आणि साधा स्कॅनर लावला की तो आकडा पडद्यावर दिसतो. रॅप लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, त्याच रस्त्यावर आणि त्याच दुपारच्या वेळी, हा आकडा गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय गॅरेजवाल्यांनी पैसे घेऊ नयेत, एवढीच विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करावीशी वाटते.

आपला,
मोटारदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, नागपूर