आप्पा, एफडी मोडू नका

हैदराबाद,
रविवार

ती. आई आणि आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

आप्पा, फोनवर तुमच्या शेअरचा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो, मग आई फोन ओढून घेते आणि गाडी वांग्यांच्या भावावर जाते. म्हणून लिहायला बसले. तुमच्या त्या सोनं शोधणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या गल्लीत आलेलं पत्र आधी शेजारी वाचतात, मग आपण.

परवा आई म्हणाली, राइट्स इश्यूचा, म्हणजे जुन्या भागधारकांनी पैसे भरून नवे शेअर घ्यावेत असा, कंपनीचा ईमेल तुम्ही झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलात, त्यावर पेनाने रेघा मारल्यात, आणि बँकेत जाऊन एफडी मुदतीआधी मोडली तर किती व्याज कापतात याची चौकशीही करून आलात. ती एफडी आईच्या गुडघ्यांसाठी ठेवलेली आहे. या पत्राचं कारण तेवढंच. बाकीचं ओघाने येईल.

तुमची आशा मला कळत नाही असं समजू नका. अमळनेरात जन्मलेल्या माणसाला शेअर या गोष्टीकडे थंड डोक्याने बघताच येत नाही. १९४५ साली आपल्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढची विप्रो, निघाली, गावातल्या साध्यासुध्या लोकांनी तिचे शेअर घेतले, आणि ज्यांनी ते ट्रंकेत तसेच पडू दिले त्यांचं विप्रोने काय केलं हे शेंबडं पोरही सांगतं. ज्यांनी विकले त्यांच्या घरात अजून धुसफूस चालते. आपलंच घर घ्या. आजोबांनी विहीर बांधायला शेअर विकले हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत, की लहानपणी त्या विहिरीचं पाणी पिताना मला अपराधी वाटायचं. ‘धरून ठेवणारा जिंकतो’ हे तुमच्या मनात तिथूनच बसलं.

पण आप्पा, त्या कंपनीकडे पहिल्यापासून गिरणी होती. एका बाजूने शेंगदाणा आत जायचा, दुसऱ्या बाजूने वनस्पती तूप आणि ७८७ साबण बाहेर पडायचा, आणि बाजारात त्याचे पैसे यायचे. अझीम प्रेमजी १९६६ साली आले, कंप्युटर त्याच्याही बऱ्याच नंतर. तोवर लोकांचे पगार तुपासाबणावर निघाले. तुमच्या सोनंवाल्या कंपनीने आजवर एक ग्रॅम सोनं विकलेलं नाही. ती विकते शेअर. तिचं गिऱ्हाईक तुम्ही, आणि तिचं उत्पन्नही तुम्हीच.

२०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला तेव्हा तुम्ही मला विचारलंत, ‘सोनं एवढं चढलं, मग आपला शेअर का झोपला?’ त्याचं उत्तर यातच आहे. जमिनीत सोनं असणं आणि हातात सोनं असणं यांच्यामध्ये परवाने आहेत, रस्ता आहे, वीज आहे, दगड फोडायचा कारखाना आहे, आणि या सगळ्याला लागणारं भांडवल आहे. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या तेव्हा तिथे खाली सोनं शिल्लक होतंच. पण ते वर आणायला जो खर्च येत होता, तो त्या वेळच्या भावात परवडेना.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण ‘पोरगी सोन्याच्या लॅबमध्ये आहे’ असं तुम्ही स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगता आणि मग गुरुजी व जिनिंगवाले काका माझ्याकडून टिप येईल म्हणून वाट बघतात. तुमच्या कंपनीचे नमुने आमच्याकडे येत नाहीत. येत असते तर या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नसतं, कारण तो गुन्हा आहे. काकांनाही हे सांगून टाका.

आमच्याकडे ड्रिलिंगचा दगड पोत्यांतून येतो. जमिनीतून लांबच्या लांब दंडगोल काढतात, तो करवतीने उभा चिरतात, अर्धा साइटवर पेटीत जपून ठेवतात आणि अर्धा लॅबला पाठवतात. आम्ही तो भरडून, दळून त्याची भुकटी करतो. त्यातली पन्नास ग्रॅम तोलून घ्यायची, तिच्यात मुरदाडशिंग (म्हणजे शिशाचं ऑक्साइड), टाकणखार आणि सोडा मिसळायचा, चिमूटभर चांदीही घालायची, आणि हजार अंशांच्या वर भट्टीत ठेवायची. शिसं वितळताना सगळं सोनं स्वतःत ओढून घेतं आणि तळाशी बसतं. तो शिशाचा गोळा मग एका सच्छिद्र वाटीत ठेवून पुन्हा तापवायचा. शिसं वाटीत मुरून जातं आणि मागे एक मणी राहतो. भट्टीचं दार उघडलं की पहिली नजर त्या मण्यावर जाते, इतकी वर्षं झाली तरी. जळगावच्या हॉलमार्किंग केंद्रात दागिन्याची परीक्षा होते ती याच जातीची. फरक एवढाच, की तिथे सोनं आहे हे आधीच माहीत असतं.

आणि तो मणी सोन्याचा नसतो बरं. तो बहुतेक सगळा आम्ही घातलेल्या चांदीचा. टनाला दोन ग्रॅम सोनं असलेला दगड असेल, तर पन्नास ग्रॅम भुकटीत सोनं येतं एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मणी आम्लात विरघळवून यंत्रावर मोजला तेव्हा कुठे आकडा हाती येतो. टनाला तीन ग्रॅम म्हणजे आपल्या जुन्या हिशोबात एक टन दगडाला पाव तोळा. दक्षिणेत असा दगड सापडला तर कंपन्या खूश होतात. आपल्या खान्देशात मात्र खाली सगळा काळा पाषाण, त्यात सोनं सापडत नाही; आपलं सोनं जळगावच्या सराफ्यातच.

आता तुमच्या त्या रेघा. आईने मला पानाचा फोटो पाठवला. ‘१२ मीटर, टनाला ३ ग्रॅम’ याच्याखाली तुम्ही दोनदा रेघ मारलीय. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरात आहे, ‘यापैकी १ मीटर, टनाला ३० ग्रॅम’. तिथे रेघ नाही. हिशोब करा. बारा मीटरचं एकूण छत्तीस झालं, त्यातले तीस एकाच मीटरने खाल्ले. उरलेल्या अकरा मीटरना सहा, म्हणजे तिथे टनाला अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. सरासरी खोटी नाही, पण दगड तसा नाही. एक बारीक शीर लागली, आणि तिचं सोनं आजूबाजूच्या फोल दगडावर वाटून दाखवलं. शिवाय ते बारा मीटर बोअरच्या लांबीवर मोजलेले आहेत. शीर तिरकी असेल तर खरी जाडी त्याहून कमी.

आपल्या बांधावर बोअरला पाणी लागलं, म्हणून शेजारच्यांनी वीस पावलांवर बोअर घेतली आणि रात्रभर नुसती धूळ उडाली, आठवतंय ना? सोन्याचं त्याहून अवघड. म्हणून तर एक भोक चांगलं निघालं की आसपास पन्नास भोकं पाडावी लागतात. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर ‘एकूण सोनं गुणिले भाव, भागिले शेअर’ असा जो गुणाकार केलात तो ‘इन्फर्ड’ साठ्यावर केलात. इन्फर्ड म्हणजे विरळ भोकांवरून बांधलेला अंदाज. त्याच्यावर ‘इंडिकेटेड’, त्याच्यावर ‘मेझर्ड’, आणि खर्च वजा करून परवडतंय असं सिद्ध झालं तरच त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. तुमच्या गुणाकारात खर्च शून्य धरलाय, आणि शेअरची संख्या आजची धरलीय. खाण सुरू होईपर्यंत ती संख्या किती वेळा वाढेल?

‘सगळे चोर आहेत’ हे तुमचं दुसरं म्हणणं. त्यातही मी तुमच्या बाजूने पूर्ण नाही. चोरी झालेली आहे, नाही असं नाही. कॅनडाची ब्रे-एक्स नावाची कंपनी होती. इंडोनेशियात बुसांग इथे जगातला मोठ्यात मोठा साठा सापडला म्हणाली, शेअर आभाळाला भिडले, आणि १९९७ साली कळलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. ते नदीतलं सोनं होतं, वाहून वाहून कडा गोल झालेलं; खडकातलं सोनं तसं दिसत नाही. आणि त्यांनी दगड उभा चिरून अर्धा जपलाच नव्हता, सगळा भरडला होता, म्हणजे फेरतपासणीला काही उरलं नव्हतं. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यात गिऱ्हाईक मधेच माहीत असलेल्या दर्जाचे आणि सोनं नसलेले नमुने घालून पाठवतं, कुठले ते आम्हाला न सांगता. ही पद्धत पाळणारे सगळे चोर नसतात. बहुतेक कंपन्या प्रामाणिकपणे शोधतात आणि प्रामाणिकपणे बुडतात.

तुमच्या कंपनीचं घोडं अडलं त्यात कायद्याचा वाटा मोठा आहे, हेही धरा. तुम्ही शेअर घेतलेत तेव्हा ज्याने शोधलं त्याला खाणपट्टा मागायचा हक्क होता. जानेवारी २०१५ मध्ये अध्यादेश आला आणि पट्टे लिलावाने द्यायचे ठरलं. आधीपासून शोध घेणाऱ्यांसाठी खाण कायद्याच्या कलम १०अ(२)(ब) मध्ये एक दार उघडं ठेवलं होतं. त्या दारात कंपनी फाइल घेऊन उभी राहिली. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने ते दारही बंद झालं. अडकलेले अर्ज बाद, केलेल्या खर्चाची भरपाई मिळेल म्हणाले. सरकारची बाजूही आहे, जमिनीखालचं धन बोलीशिवाय का द्यावं? पण तुमच्यासारख्याने वर्षानुवर्षं भोकांना पैसे पुरवले, त्याच्या हाती काय आलं, हे कुणी विचारलं नाही. तो राग खरा आहे आणि तो मलाही येतो.

मला चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. ती फाइल बाद झाली ही बातमी तुम्हाला कंपनीकडून आधी कळायला हवी होती. ती कळली टपरीवर. ईमेल केलात त्याला उत्तर नाही. ऑनलाइन सभेत तुम्ही प्रश्न विचारायला नाव नोंदवलंत आणि तुमचा नंबर यायच्या आत सभा आटोपली. सोनं सापडणं कंपनीच्या हातात नसतं. उत्तर देणं असतं.

तर राइट्सचं. तुमच्या डीमॅटमध्ये आर.ई. म्हणून जी ओळ दिसतेय ना, ते हक्क आहेत. पैसे भरून शेअर घ्यायचे, किंवा हक्क बाजारात विकायचे, अशा दोन वाटा आहेत. काहीच केलं नाही तर ते वाया जातात. तुम्हाला वाटतंय पैसे भरले नाहीत तर आपला हिस्सा पातळ होईल. होईल. पण तो याआधीही प्रत्येक वेळी पातळ झाला, तुम्ही भरूनसुद्धा, कारण मधल्या काळात बाहेरच्यांना शेअर आणि वॉरंट (पुढे ठरल्या भावात शेअर घ्यायचे हक्क) वाटले गेले. माझं म्हणणं, हक्क विकून टाका. इश्यू बंद व्हायच्या काही दिवस आधीच ही विक्री थांबते, म्हणून या आठवड्यातच. जे येतील ते थोडे असतील, पण ते तुमचे.

जुने शेअर विका असं मी म्हणत नाही. असू द्यात. तुमचा त्यात जीव आहे, आणि लोअर सर्किटमध्ये, म्हणजे भाव दिवसाच्या तळाच्या मर्यादेला टेकून घेणारं कुणी नसताना, विकायला धावण्यात अर्थही नाही. फक्त नवीन रुपया नको. जुना पैसा परत मिळवायला नवा पैसा घालायचा, हे तुम्ही सट्टा लावणाऱ्या मामांना किती सुनावलं होतंत.

आणि पुढच्या सभेत बोलायला मिळालं तर ‘सोनं कधी निघेल’ हे विचारू नका, त्याला ‘लवकरच’ एवढंच उत्तर येतं. शिल्लक रोकड किती महिने पुरेल, आणि मागच्या वर्षी ड्रिलिंगवर किती गेले व संचालकांच्या मानधनावर आणि ऑफिसवर किती, हे विचारा. ताळेबंदात असतंच, पण त्यांच्या तोंडून येऊ द्या. गुरुजींनाही हेच विचारायला सांगा, म्हणजे एकाचा आवाज कापला तरी दुसऱ्याचा राहील.

आई, आता तुझं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तू दरवर्षी जळगावहून ग्रॅमभर सोनं आणतेस आणि आप्पा तुला ‘मेलेला पैसा’ म्हणून हसतात, ते सध्या हसत नसतील. पण तू त्यांना त्यावरून टोमणे मारू नकोस. आधीच गल्लीतला जो तो ‘सोनं निंघनं का भो आजून?’ म्हणून पिडतोय त्यांना. मंगळवारी ते मंगळग्रह मंदिरात जातात तेव्हा जाऊ दे. मंगळ भूमीचा पुत्र आहे, पोटातलं काढून देईल, असं त्यांचं शास्त्र आहे. नवसाला खर्च नारळाचा, राइट्सपेक्षा स्वस्त.

गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी फोनवरून घेतली आहे, आखाजीच्या पुढच्या आठवड्यातली. मी रजा टाकलीय, दोघांना घेऊनच जाईन. एफडीची पावती, दोघांची आधार कार्डं आणि मागचे एक्स-रे एका पिशवीत काढून ठेव. आप्पांच्या डीमॅटला नॉमिनी म्हणून तुझं नाव लागलंय की नाही तेही तपासायचंय, त्यासाठी त्यांचा पासवर्ड लागेल. तो कॅलेंडरच्या पाठीवरच, गुणाकाराच्या खाली लिहिलेला आहे, फोटोत दिसला मला. आधी तो खोडा.

तुमची,
ताई