आधी ऐकणाऱ्या मेस्त्रींस आभाराचे पत्र

कुडाळच्या मेस्त्रींस,

स. न. वि. वि.

वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत आंब्याच्या पेट्या आणि मासळीचे क्रेट वाहणाऱ्या फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देता येणाऱ्या) पिकअप कमी नाहीत. गाडी खालून कुरकुरली की आधी बेअरिंग बदल, मग क्रॉस (शाफ्टचा सांधा), मग ब्रेकचे पॅड, असा खर्च करत सुटायची इथली रीत. ती तुम्ही मोडलीत. ‘आधी आयक, मगे पानो लाव,’ हे तुमचे सांगणे सगळ्यांना पाठ आहे. आभार मानायचे ते या पद्धतीचे, आणि ती नव्या पिकअपवाल्यांच्याही हाती पडावी म्हणून हे पत्र उघड आणि थोडे लांब.

तुमचा पहिला प्रश्न आवाज कुठून येतो हा कधीच नसतो. तो कशाबरोबर बदलतो, हे तुम्ही विचारता. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात गाडी न्यूट्रल करायची. आवाज इंजिनाबरोबर खाली बसला, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला. तसाच राहिला, तर चाके, अ‍ॅक्सल आणि शाफ्ट यांच्याकडे वळायचे. (हे घाटात उतारावर करून बघणाऱ्याला तुम्ही जे ऐकवता ते इथे लिहिण्यासारखे नाही.)

त्यानंतरची मोजणी मात्र खास तुमची. पिकअपचे चाक एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जाते. म्हणजे ताशी २० किलोमीटरला सेकंदाला अडीचच्या आत-बाहेर फेरे. डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचे) प्रमाण चाराच्या आसपास असेल, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून तिथवर जोर नेणारा लांब दांडा) नऊ-दहा फेरे मारतो. संथ ‘खर... खर... खर’ असेल तर ते चाक, ड्रम किंवा डिस्क. त्याच वेगात चिमणीसारखी भरभर ‘चिक-चिक-चिक’ असेल तर शाफ्ट. एवढ्यावर निम्मी गाडी संशयातून सुटते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून काचा खाली करून चिऱ्याच्या गडग्याला लागून हळू चालवायची युक्तीही तुमचीच. भिंतीवरून आवाज परत कानावर येतो. एकदा डावीकडून, मग वळून उजवीकडून गेले की बाजू ठरते.

घुमणारा आवाज असेल तर आधी टायर. डांबर बदलून काँक्रीट आले की आवाजाचा सूर बदलला, तर तो टायरचा. तळवा टायरवर पुढे आणि मागे फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच राहिला तर बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर भार पडलेल्या डाव्या चाकावर संशय, डावीकडे वळताना वाढला तर उजव्या. मग चाक उचलून, घोडीवर टेकवून, वर-खाली धरून हलवायचे; आडवे धरून हलवल्यावरच ढिलाई लागली तर स्टिअरिंगचे जॉइंट बघायचे. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, की कानाला न कळणारी खरखर बोटांना कळते.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते ‘ठक्क’ या आवाजात. क्लच सोडताना किंवा पुढून रिव्हर्सला जाताना खालून एक ठोका बसतो आणि लोक थेट डिफरन्शियल उघडायला सांगतात. तुम्ही आधी प्रोपेलरच्या क्रॉसकडे बघता. क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, की आतले सुईबेअरिंग सुकून गंजलेले. खाऱ्या हवेत, त्यात मासळीच्या बर्फाचे पाणी हौद्यातून सतत खाली गळत असताना, हे लवकर होते. ग्रीस भरायचे निपल असेल तर चारही कपांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. तीनच कपांतून आले तर चौथा कोरडा आहे असेच धरायचे. गाडी थांबल्यानंतर क्षणभराने बसणारा ठोका वेगळा. तो बहुधा सरकत्या स्प्लाइनचा (शाफ्टच्या दातेरी जोडाचा) असतो आणि तिथल्या ग्रीसने जातो. शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनवर खुणा करायच्या. स्प्लाइन एक दाता जरी चुकून बसली, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत, आणि आवाज घालवायला गेलेला माणूस नवी थरथर घेऊन घरी येतो.

वळताना पुढून ‘कट-कट-कट’ आले, तर सीव्ही जॉइंटवरचा (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचा) रबरी बूट फाटलेला आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले आहे का, ते बघायचे. बाहेरचा सीव्ही जॉइंट पूर्ण वळणावर बोलतो, आतला सरळ रस्त्यावर जोर दिला की थरथरतो.

डिफरन्शियलचा ‘ऊं’ पाय दिल्यावरच येतो, पाय काढल्यावरच येतो, की दोन्ही वेळा, हे लिहून आणायला सांगता ते बरोबर. पहिल्या दोन्हींत क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या-लहान दातेरी चक्रांच्या) दात्यांची एकेक बाजू बोलत असते, तिसऱ्यात बहुधा पिनियनचे बेअरिंग. क्राऊन-पिनियन बदलायचे तर जोडीनेच. पण त्याआधी तेल. भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री झाल्याशिवाय खालचा सोडायचा नाही, नाहीतर गाडी तेलाविना जागेवर बसते. तेल दुधट निघाले तर पाणी गेले आहे. होडी ओढायला गाडी पुळणीवरून पाण्यात घातली, की डिफरन्शियलचे तापलेले हौसिंग एकदम थंड होते आणि ब्रीदर (आतली हवा जाण्या-येण्याची वाट) चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढून घेते. ब्रीदरची नळी साफ करून वर बांधणे हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच कोणी करत नाही.

पुळणीवरून डांबरावर आल्यावर फोर एच (चारही चाकांना जोर देणारा गिअर) काढायला विसरले, तर वळणावर गाडी अडखळते, उड्या मारते, लिव्हर अडकते. त्यात काही मोडलेले नसते. अशा बहुतेक पिकअपमध्ये मधले डिफरन्शियल नसते, आणि वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब रस्ता कापावा लागतो. तो ताण शाफ्टमध्ये साठतो. चार-पाच मीटर सरळ मागे घेतली की लिव्हर सुटते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर हाच ताण सरळ रस्त्यावरही साठतो. चारही चाके कायम फिरवणाऱ्या गाडीचे एकच चाक उचलून इंजिन चालू करू नये. ती जॅकवरून उडी घेते. चारही चाके घोडीवर, नाहीतर इंजिन बंद.

ब्रेकच्या बाबतीत तुमचे निम्मे काम लोकांची भीती घालवण्याचे. पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना करकर येते, तो रात्रीत डिस्कवर चढलेला गंज. तो पुसला जातो. अचानक किंचाळणे सुरू झाले आणि गाडी मागे घेताना थांबले किंवा बदलले, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये जांभ्याची खडी अडकलेली असते. पत्रा हळूच बाहेर दाबला की ती पडते. चालताना शिट्टी वाजते आणि ब्रेक दाबल्यावर थांबते, तेव्हा पॅडची खूणपट्टी डिस्कला लागलेली असते. पॅडचे लायनर (घासणारा थर) ३ मिलिमीटरवर आले की बदलायचे. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासू लागले तर गाडी तिथेच उभी करायची.

एकाच चाकाचा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शिल्लक असेल, तर नुसते पॅड घालून भागत नाही. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना जाम असतात. त्या साफ करून ब्रेकचेच सिलिकॉन ग्रीस लावायचे, साधे ग्रीस रबर फुगवते. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा (डिस्क आणि चाक बसते त्या मधल्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशने घासायचा. तिथला गंजाचा पापुद्रा डिस्क वाकडी फिरवतो आणि पेडल पायाखाली धडधडते. जुन्या डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तेवढे मोजल्याशिवाय लेथवर नेण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइलबद्दल तुमचा आग्रह आम्हाला आधी अतीच वाटायचा. डॉट फोर तेल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा पिऊन ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. भरल्या हौद्याने आंबोली किंवा फोंडा घाट उतरणाऱ्याने दर दोन वर्षांनी ते बदलावे, हे आता पटले आहे.

मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी तुम्ही सांगितलेले सगळ्यांनी करावे: हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून चाकांना उटी (अडसर) लावायची. हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात, आणि नारळी पौर्णिमेला गाडी हलवली की लायनर पट्टीवरून सुटून ड्रममध्ये खडखडत बसतात.

मेस्त्री, फाळक्याची कडी ढिली होती आणि जॅक जागेवर नव्हता, एवढ्याच आवाजासाठी आलेल्यांकडून तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. त्या सगळ्यांच्या वतीनेही आभार. तुमच्या हाताखालच्या पोरांना नमस्कार सांगा.

आपले,
वेंगुर्ला-मालवण-देवगड पट्ट्यातले पिकअपवाले